आमरीच्या फुलांमागे पावसात फिरलेले फादर सांतापाव

नाताळ असो वा ईस्टर, अलीकडे वेदीच्या सजावटीत जांभळी-पांढरी ऑर्किड हमखास दिसतात. लग्नाच्या मिस्सालाही तीच. पाण्यात देठ ठेवला की ही फुले बरेच दिवस टिकतात, म्हणून सजावट करणाऱ्या आपल्या बहिणींना ती सोयीची वाटतात. ही फुले शेतीत वाढवलेली, बहुतेक संकरित. परंतु त्यांची रानातली भावंडे आपल्याच सह्याद्रीच्या कड्याकपारींत, आणि कोकणात तर वाडीतल्या जुन्या आंब्या-फणसांवरही फुलतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मराठीत त्यांना आमरी म्हणतात. या रानआमरींची नीट ओळख ज्यांनी करून दिली त्यांत एका धर्मगुरूंचे नाव फार वरचे आहे. या रविवारी आम्ही फा. हर्मेनेगिल्ड सांतापाव ह्यांची जीवनकथा आपल्यापुढे ठेवीत आहोत.

फादरांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेन देशातील कॅटलोनिया प्रांतात, तारागोना जिल्ह्यातील ला गालेरा या लहानशा गावी झाला. तरुणपणीच ते येशूसंघात, म्हणजे ज्यांना आपण जेज्विट म्हणतो त्या संघात दाखल झाले. त्या काळी स्पेनमधून बरेच येशूसंघीय मुंबई मिशनमध्ये सेवेसाठी येत असत. फादरही १९२८ साली भारतात आले. पुढे वरिष्ठांनी त्यांना लंडनला वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी धाडले. तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती-संग्रहातही काम केले. १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले.

झेवियर्समध्ये त्यांना एक वारसा आयताच मिळाला. येशूसंघाचेच स्वित्झर्लंडचे फा. एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी तेथे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला होता. फा. ब्लॅटर १९३४ साली प्रभुघरी गेले, आणि आज तो संग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलेली फांदी, ती जाड कागदावर चिकटवलेली, कोपऱ्यात चिठ्ठी आणि तिच्यावर कोठे, केव्हा, कोणी गोळा केली याची नोंद असे या संग्रहाचे रूप असते. वरवर पाहता काम रुक्ष वाटते. पण कोणती वनस्पती कोणत्या डोंगरावर होती याचा हाच खरा पुरावा.

आमरीच्या बाबतीत मात्र हा पुरावा अपुरा पडतो, आणि फादरांच्या कामाचे मोल कळायचे तर हे समजून घेतले पाहिजे. आमरीचे फूल मांसल असते. दाबून वाळवले की ते काळवंडते, चपटे होते, त्याचा मूळ आकार हरवतो. आणि ओळख तर त्या आकारावरच असते. आमरीला तीन पाकळ्या असतात, त्यांतली एक इतर दोघींपेक्षा अगदी वेगळी, ओठासारखी पुढे आलेली. कळी उमलताना बहुतेक जातींत देठाला पीळ बसतो आणि हा ओठ खाली येतो, म्हणजे फुलावर येणाऱ्या किड्याला उतरायला जणू ओटाच तयार होतो. इतर फुलांसारखे परागकण येथे मोकळे नसतात. त्यांचे लहान गोळे असतात, आणि ते किड्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात. ओठाचा आकार, त्याची झालर, मागची पोकळ सोंड यांत थोडा फरक पडला की जात बदलली! हे सारे ताज्या फुलातच धडपणे पाहता येते. तेव्हा फूल उमलले असताना झाडापाशी हजर राहण्यावाचून गत्यंतर नाही.

आता हजर राहायचे कधी? येथेच आमरी माणसाची परीक्षा पाहते. हाबेनारिया गटातल्या जमिनीवरच्या आमरी आठ महिने मातीखाली नुसत्या कंदाच्या रूपात निजलेल्या असतात. जूनचा पाऊस पडला की पान वर येते आणि जुलै ते सप्टेंबर एवढ्यातच फुले येऊन जातात. नर्व्हिलिया नावाची आमरी तर त्याहून लहरी. आधी नुसते फूल येते, ते सुकल्यावर एकुलते एक पान उगवते. ज्याने फूल पाहिले त्याने पान पाहिलेले नसते, आणि पान पाहणाऱ्याला फूल कसे होते ते सांगता येत नाही. झाडावर वाढणारी पांढऱ्या फुलांची एक डेंड्रोबियम ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी पाने टाकते आणि उघड्या काड्यांवर फुलते. सीतेची वेणी म्हणून जी लोंबती गुलाबी-पांढरी आमरी आपण ओळखतो ती मे-जूनमध्ये बहरते. एकदा डोंगरावर जाऊन सर्व काही पाहिले असे या कुळात होतच नाही. त्याच डोंगरावर वर्षभर, वर्षानुवर्षे जावे लागते.

फादर गेले. खंडाळा हे त्यांचे विशेष आवडते क्षेत्र. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या घाटात, धुक्यात आणि जळवांत त्यांनी भर पावसाळ्यातही वनस्पती गोळा केल्या. सहलीला जाणारे आपण पाऊस थांबण्याची वाट पाहत बसतो. त्यांना पावसातच काम होते. या भटकंतीतून त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली बाहेर आला. पुरंदर किल्ल्याच्या परिसरावरही त्यांनी असाच ग्रंथ लिहिला. वर्षांनुवर्षे फुलण्याची वाट पाहायला लावणारी आणखी एक वनस्पती म्हणजे कारवी. ती आपल्याकडे साधारण सात वर्षांनी एकदाच, साऱ्या डोंगरभर एकदम फुलते आणि मरून जाते. तिच्या फुलण्याच्या नोंदीही त्यांनी चिकाटीने ठेवल्या.

येथे थोडे थांबून एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडाच्या खोडावर आमरी दिसली की आपल्याकडे पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून काढून टाकतात. ती बांडगूळ नव्हे! बांडगूळ झाडात मुळे खुपसून त्याचा रस घेते. आमरी खोडावर फक्त बसलेली असते. तिच्या जाड, पांढुरक्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे आणि दवाचे पाणी टिपून घेते, आणि सालीवर साठलेल्या पालापाचोळ्यातून तिला अन्न मिळते. आंब्याचे ती काही नेत नाही. तिचे बी धुळीसारखे बारीक असते. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, पण बियाच्या पोटात अन्नाचा साठाच नसतो. योग्य ती बुरशी भेटली आणि तिने पोसले तरच अंकुर धरतो. म्हणून लाखांतून एखादेच रोप होते आणि त्याला फूल यायला बहुधा काही वर्षे जातात. उपटायला मात्र क्षणही लागत नाही.

फादरांच्या आधी या प्रदेशातल्या आमरींवर कोणी लिहिलेच नव्हते असे नाही. थिओडोर कुक ह्यांनी गेल्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या सर्व वनस्पतींचा ग्रंथ लिहिला होता. पुढे फा. ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकन ह्यांनीही आमरींची यादी तपासली होती. पण एकाच आमरीला दोन नावे, दोन वेगळ्या आमरींना एकच नाव, असे घोळ उरले होते. फा. सांतापाव आणि त्यांचे सहकारी झेड. कपाडिया ह्यांनी एकेक जात पुन्हा हातात घेतली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची लेखमाला क्रमशः येत राहिली. पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांच्याबरोबर फादर त्या नियतकालिकाचे एक संपादकही होते. १९५७ साली या दोघांनी विज्ञानाला नवी अशी एक आमरी जाहीर केली आणि पाचगणीवरून तिचे नाव हाबेनारिया पंचगणिएन्सिस ठेवले. हजारो पर्यटक जेथे स्ट्रॉबेरी खायला जातात, त्या पाचगणीचे नाव या फुलाने जगभरच्या वनस्पतिशास्त्रात नेले, याचे आम्हांला कौतुक वाटते.

या सगळ्याचे फळ म्हणजे मुंबईच्या आमरींवरील दोघांचा ग्रंथ. तो १९६६ साली भारत सरकारने प्रसिद्ध केला. गंमत अशी, की अभ्यास सुरू झाला तेव्हा मुंबई राज्य होते, आणि पुस्तक छापून येईपर्यंत त्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये होऊन सहा वर्षे लोटली होती. आमरींना या सीमेची खबर नव्हती. भारतात आमरींच्या किती जाती आहेत याची गणना २०१९ साली प्रसिद्ध झाली, त्यात १,२५६ जाती भरल्या. त्यांतल्या ३८८ भारताबाहेर कोठेच सापडत नाहीत. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आहेत. ज्या फुलाला नक्की नाव नाही ते धोक्यात आहे की नाही, हे कोण सांगणार? घाटात रस्ता रुंद करताना, पठारावर बंगले बांधताना येथे काय होते आणि काय गेले हे सांगायला आजही फादरांच्या त्या नोंदी उघडाव्या लागतात.

१९६१ ते १९६७ या काळात फादर कलकत्त्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे प्रमुख होते. झगा घातलेला धर्मगुरू सरकारच्या एवढ्या मोठ्या खात्याचा संचालक, हे दृश्य तेव्हाही विरळाच असावे. सामान्य वाचकांना त्यांनी विसरले नाही. नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी आपल्या नेहमीच्या झाडांवर छोटे पुस्तक लिहिले, तेही १९६६ सालचेच. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

जाता जाता त्यांच्या नावाची एक हकीकत सांगितली पाहिजे. कारवी आणि अडुळसा ज्या कुळात येतात त्या कुळावर फादरांनी १९५१ साली ग्रंथ लिहिला होता. १९६३ साली त्याच कुळातली तामिळनाडूतील एक वनस्पती दोन भारतीय संशोधकांनी नव्या प्रजातीत घातली आणि फादरांच्या सन्मानार्थ प्रजातीचे नाव सांतापावा ठेवले. पुढच्या संशोधकांनी ती पुन्हा तपासली. स्वतंत्र प्रजाती मानण्याइतकी ती वेगळी नाही असे ठरले, आणि आपल्या तालीमखान्याच्या हायग्रोफिला प्रजातीत तिला सामावून घेण्यात आले. जन्मभर दुसऱ्यांनी दिलेली नावे तपासून दुरुस्त करणाऱ्या फादरांचे स्वतःचे नावही असे त्याच नियमाने दुरुस्त झाले.