सागरगीतांचे कवी बा. भ. बोरकर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत राहणारी आम्ही मंडळी घाटमाथ्यावरची. आमच्या वाट्याला तांबडी माती आली, उसाचे व तंबाखूचे मळे आले, आषाढातला झोडपणारा पाऊस आला. समुद्र मात्र आला नाही. म्हणूनच की काय, सुटी लागली की आमची पावले चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्याकडे वळतात. कोणी लाटांशी झोंबत खेळतो, कोणी माडाच्या सावलीत अंग टाकतो, आणि थोड्या वेळाने ओठांवर आपोआप एखादे गाणे येते. अशा निवांत वेळी ओठांवर यावीत अशी गीते मराठीला ज्यांनी भरभरून दिली, ते कवी म्हणजे बाळकृष्ण भगवंत बोरकर. त्यांच्या गीतांतला आनंद सर्वांना ठाऊक आहे. त्या आनंदासाठी त्यांनी मोजलेली किंमत विद्यार्थ्यांना ठाऊक व्हावी, म्हणून हा अल्प परिचय.

बोरकरांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० रोजी गोव्यातील कुडचडे येथे झाला. त्यांचे गाव बोरी हे जुवारी नदीच्या काठी वसलेले आहे. तेथून समुद्र दिसत नाही. परंतु भरती आली म्हणजे खारे पाणी नदीतून वर चढते आणि ओहोटीबरोबर मागे सरते. समुद्राचा हा श्वासोच्छ्वास ज्याने बालपणापासून पाहिला, त्याच्या शब्दांना लाटेची लय लाभावी यात नवल ते काय! घरी ओव्या-अभंगांचे संस्कार, देवळात भजन-कीर्तन, आणि शेजारच्या ख्रिस्ती वाड्यांतून ऐकू येणारे गितारीचे सूर, अशा वातावरणात त्यांचा कान घडला. पुढे त्यांनी आपल्या एका काव्यसंग्रहाला 'गितार' हेच नाव दिले.

त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. बोरकर शिक्षक झाले आणि मुले शिकवता शिकवता कविता लिहू लागले. १९३० साली 'प्रतिभा' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, १९३७ साली 'जीवनसंगीत' आला. शिरोड्यासारख्या समुद्रकाठच्या गावी अनेक वर्षे शिक्षकी केलेल्या वि. स. खांडेकरांनी या तरुण कवीचे गुण वेळीच ओळखले व त्यांचा आवर्जून पुरस्कार केला. १९४७ च्या संग्रहाचे नाव 'दूधसागर'. लोंढा-कॅसलरॉक मार्गाने आगगाडीतून गोव्यास जाताना पावसाळ्यात आपण ज्याच्याकडे डोळे भरून पाहतो, त्याच धबधब्याचे हे नाव आहे.

त्यांच्या सागरगीतांचे वैशिष्ट्य काय? श्रावणातल्या उन्हात आरशासारखा झळकणारा समुद्र, माडांच्या राया, मासळीच्या होड्या, सांजवेळी पाण्यावर पसरणारे सोने, ही त्यांची सामग्री. शब्द साधे, पुष्कळदा घरातले. पण एकापुढे एक असे ठेवलेले, की लाटेमागून लाट यावी तशी ओळीमागून ओळ येते. ही गीते नुसती वाचली तर अर्धीच कळतात. बोरकर स्वतः ती गाऊनच म्हणत आणि सभा तल्लीन होत असे.

परंतु या सुखाच्या गाण्यांमागचे जीवन सुखाचे नव्हते. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याचा पुकार केला. या लढ्यात बोरकरांनी उडी घेतली. शिक्षकाची नोकरी सुटली, गाव सुटले. लेखणी हेच त्यांचे शस्त्र. मुंबई, मग पुणे असा संसार हलला आणि १९५५ पासून ते आकाशवाणीच्या सेवेत रमले. याच वर्षी आपले बेळगाव गोव्याच्या सत्याग्रहींचे मोठे ठाणे झाले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, कित्येक वीर सीमेवर पडले. आगगाडी बंद झाली, घाटवाटांवर पहारे बसले. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळतच राहिली. तिला कोण अडवणार? बोरकरांचे गाणेही असेच होते. कवी किनाऱ्यापासून दूर होता, तरी किनारा त्याच्या कवितेतून दूर गेला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

आणखी एक गोष्ट सीमाभागातील आपणां सर्वांना विचार करावयास लावणारी आहे. बोरकरांनी मराठीत विपुल लिहिले आणि कोकणीतही मनापासून लिहिले. १९६० साली त्यांचा मराठी 'चित्रवीणा' आला, त्याच साली कोकणी 'पांयजणां' आला. पुढे 'सासाय' या कोकणी संग्रहास १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसरीचा दुस्वास करावा लागत नाही, हे त्यांनी वाद न घालता, केवळ लिहून दाखविले. शाळेत मराठी व बाजारात कानडी बोलणाऱ्या आमच्या मुलांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

१९६७ साली त्यांना 'पद्मश्री'चा बहुमान लाभला. उतारवयात मधुमेहाने डोळ्यांवर घाला घातला. ज्या डोळ्यांनी समुद्राचे सारे रंग टिपले, तेच मिटू पाहत होते. अशा वेळी या आनंदयात्री कवीने खुद्द अंधारालाच वंदन करणारे 'तमःस्तोत्र' रचले. ८ जुलै १९८४ रोजी त्यांनी इहलोक सोडला. एके काळी आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी बोरकरांच्या पश्चात त्यांच्या कवितांचे जाहीर वाचन करून ते गाणे घरोघरी पोहोचविले.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सुटीत किनाऱ्यावर जाल तेव्हा बोरकरांचे एखादे गीत पाठ करून जा. लाटांच्या तालावर ते मोकळ्या गळ्याने म्हणा. ते म्हणताना मनाला हलके वाटेल; आणि नोकरी, गाव व दृष्टी यांवर एकामागून एक आघात सोसूनही कवीने आपला सूर करपू दिला नाही, याचेही स्मरण राहील.