कांगड्याचं मीठ

मागच्या महिन्यात पिपरी मेघेहून एक आजी सुनेसोबत ओपीडीत आल्या. गळ्यात लिंबाएवढी गाठ, कित्येक वर्षांची. सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली. गाठ साधी निघाली, रक्तातलं थायरॉईडचं प्रमाणही ठीक होतं. निघता निघता सुनेने सांगितलं, की आयोडीनच्या मिठाने थायरॉईडचा कॅन्सर होतो असं मोबाईलवर वाचल्यापासून दोन वर्षं घरात फक्त शेंदेलोण, म्हणजे सैंधव मीठ येतं. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे, हेही बोलण्यात आलं. मला गाठीपेक्षा त्या मिठाचीच काळजी वाटली.

अशा वेळी डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आठवतात. जन्म १९२१ चा, आंध्रातल्या श्रीकाकुलमचा. वैद्यकीचं शिक्षण विशाखापट्टणमला, संशोधनाची पदवी ऑक्सफर्डची. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून ते दिल्लीच्या एम्समध्ये पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. पॅथॉलॉजीचा माणूस सहसा सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा पाहून निदान लिहितो आणि थांबतो. त्यांना मात्र तो तुकडा आला त्या गावात जाऊन पाहायची सवय होती.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. बर्फ आणि पावसाने जमिनीतलं आयोडीन वाहून जातं, मग ते धान्यातही उतरत नाही. गळा फुगणं हे वरवरचं लक्षण. खरी हानी पोटातल्या बाळाच्या मेंदूची होते. काही मुलं मुकी-बहिरी, मतिमंद जन्मतात आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

१९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. एकाला पोटॅशियम आयोडाईड घातलेलं मीठ, दुसऱ्याला साधं, तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेलं. १९६२ मध्ये शाळकरी मुलांचे गळे पुन्हा तपासले. सुरुवातीला ३८ टक्क्यांच्या आसपास असलेला गलगंड आयोडाईडच्या विभागात १९ वर, आयोडेटच्या विभागात १५ टक्क्यांवर आला होता. साध्या मिठाच्या विभागात तो होता तिथेच राहिला. नंतर त्या विभागालाही आयोडीनचं मीठ देण्यात आलं आणि तिथलं प्रमाणही उतरलं. इतकी वर्षं एका भागाला साधं मीठ द्यायला आजची नीतिसमिती सहज परवानगी देणार नाही, आणि मला ते खटकतंही. पण सरकारला पटेल असा पुरावा त्याच तुलनेतून मिळाला. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दमट हवेत टिकतं म्हणून आपल्याकडे मिठात आयोडेटच घालतात. पुढच्या पाहणीचा अहवाल १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही नावं दिसली की बरं वाटतं!

आता कॅन्सरचं. कांगड्याचा प्रयोग कॅन्सरसाठी नव्हता, पण त्या सुनेने वाचलेल्या गोष्टीचं मूळ इथेच जवळ आहे. आयोडीन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला सतत डिवचत राहते, ती वाढते, तिच्यात गाठी होतात. अशा प्रदेशांत थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये फॉलिक्युलर आणि ॲनाप्लास्टिक या प्रकारांचा वाटा मोठा असतो. फॉलिक्युलर रक्तावाटे हाडांत, फुप्फुसांत जातो. ॲनाप्लास्टिक बहुधा काही महिन्यांतच जीव घेतो. आयोडीन पुरेसं मिळू लागलं की या दोघांचा वाटा घटतो आणि पॅपिलरीचा वाढतो. पॅपिलरी मानेतल्या गाठींत पसरतो, पण बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होतात. मेड्युलरी नावाचा चौथा प्रकार वेगळ्याच पेशींतून येतो, काही घराण्यांत आनुवंशिक असतो, त्याचा आयोडीनशी संबंध नाही. लोक नेमकं अर्धं वाक्य वाचतात: आयोडीन आलं, पॅपिलरी वाढला. शिवाय आज सोनोग्राफीत मसुराएवढ्या गाठीही सापडतात. दक्षिण कोरियात सरसकट तपासण्या सुरू झाल्यावर पॅपिलरीचे रुग्ण कितीतरी पटीने वाढले, मृत्यू मात्र तसे वाढले नाहीत.

रामलिंगस्वामी पुढे एम्सचे संचालक झाले, मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक. १९९४ मध्ये बीड आणि सुरतेत प्लेगची घबराट पसरली, तेव्हा केंद्राच्या तज्ज्ञ समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. दोन वर्षांनी त्यांनी दक्षिण आशियातल्या कुपोषणावर लिहिलं. आफ्रिकेपेक्षा इथली मुलं जास्त कुपोषित का, याचं उत्तर त्यांनी इथल्या बायकांच्या हलाखीत शोधलं. तो लेख मी आजही विद्यार्थ्यांना वाचायला लावतो.

२००० मध्ये केंद्राने बिनआयोडीनच्या मिठावरची बंदी उठवली. मीठ हा सक्तीचा विषय नव्हे, असा युक्तिवाद झाला. बापूंच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला तो लगेच समजतो, पण मला तो पटला नाही. मे २००१ मध्ये रामलिंगस्वामी गेले तेव्हा बंदी उठलेलीच होती. ती पुन्हा लागू झाली २००६ मध्ये.

आजींच्या सुनेला मी एवढंच सांगितलं, की रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त लिहिलेलं पाकीट वापरा, बरणी झाकून चुलीपासून लांब ठेवा, आणि जावेला या आठवड्यात घेऊन या. उपासाला सैंधव चालेल का, असं आजींनी विचारलं. उपासाला चालेल, म्हटलं.