जॉन जोसेफ मर्लिन

जॉन जोसेफ मर्लिन (इ.स. १७३५ – इ.स. १८०३) हे अठराव्या शतकातील लंडनमध्ये वास्तव्य केलेले घड्याळकार, वाद्यनिर्माते व संशोधक होते. बर्फाशिवाय साध्या जमिनीवर घसरत जाता यावे म्हणून चाकांचे स्केट्स तयार करणारे पहिले ज्ञात कारागीर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आज एका रांगेत चाके असलेल्या, म्हणजे इनलाइन स्केट्सवर हॉकी खेळली जाते. त्या स्केट्सच्या इतिहासाचा प्रारंभ सामान्यतः मर्लिन यांच्यापासून केला जातो. ‘चांदीचा हंस’ ही प्रसिद्ध यांत्रिक कलाकृती, हार्पसिकॉर्ड व पियानो यांचा संयोग असलेले वाद्य आणि रुग्णाला स्वतःच्या हातांनी चालवता येणारी चाकांची खुर्ची ही त्यांची इतर महत्त्वाची कामे होत.

== प्रारंभिक जीवन ==

मर्लिन यांचा जन्म १७३५ मध्ये आजच्या बेल्जियममधील हुई या गावी झाला. त्या काळी हा प्रदेश लिएजच्या धर्मसत्तेखाली होता. त्यांचे मूळ नाव जाँ-जोसेफ मर्लिन असे होते. तरुणपणी ते पॅरिसला गेले. तेथे सुमारे सहा वर्षे राहून त्यांनी घड्याळे, गणिती उपकरणे आणि किल्लीवर चालणाऱ्या यांत्रिक आकृती बनविण्याचे शिक्षण घेतले. १७६० मध्ये स्पेनचे राजदूत काउंट फ्युएंतेस यांच्या परिवारासोबत ते लंडनला आले. पुढील संपूर्ण आयुष्य त्यांनी याच शहरात काढले. इंग्रजी भाषा त्यांना अखेरपर्यंत सफाईदारपणे बोलता आली नाही. मात्र त्यांच्या आनंदी स्वभावामुळे लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात त्यांचे नेहमी स्वागत होत असे.

== जेम्स कॉक्स यांच्याकडील काम ==

लंडनमधील जवाहिरे व व्यापारी जेम्स कॉक्स हे रत्नजडित घड्याळे आणि यांत्रिक खेळणी तयार करवून घेत व पूर्वेकडील देशांत, विशेषतः चीनमध्ये, पाठवीत असत. १७६६ च्या सुमारास मर्लिन त्यांच्याकडे प्रमुख यंत्रकार म्हणून काम करू लागले. वातावरणातील दाबाच्या चढउतारावर आपोआप किल्ली भरून घेणारे ‘कॉक्स यांचे घड्याळ’ हे या काळातील महत्त्वाचे काम होय. त्यातील वायुभारमापकात सुमारे ६८ किलोग्रॅम पारा होता. हे घड्याळ आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१७७३ मध्ये कॉक्स यांच्या संग्रहालयात प्रदर्शित झालेला चांदीचा हंस ही या दोघांच्या सहकार्याची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती आहे. पूर्णाकृती असा हा हंस काचेच्या फिरत्या दांड्यांनी भासविलेल्या पाण्यावर बसलेला आहे. यंत्र सुरू होताच तो मान वळवतो, पिसे सावरतो आणि वाकून चोचीत मासा धरतो. हा सारा खेळ सुमारे ३२ सेकंद चालतो. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी हा हंस पाहिला व आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली. १८७२ मध्ये जॉन बोज यांनी तो २०० पौंडांना विकत घेतला. इंग्लंडमधील बार्नार्ड कॅसल येथील बोज संग्रहालयात तो आजही पाहावयास मिळतो. घड्याळ आणि हंस या दोन्ही वस्तूंच्या इतिहासात कॉक्स यांचे नाव पुढे राहिले. यंत्ररचना करणाऱ्या मर्लिन यांचा उल्लेख त्या मानाने कमी होत असे.

== चाकांचे स्केट्स आणि कार्लाइल हाउसमधील अपघात ==

युरोपातील थंड प्रदेशांत गोठलेल्या कालव्यांवर पात्याच्या स्केट्सने घसरत जाण्याची प्रथा जुनी होती. बर्फ वितळल्यावर ती बंद पडे. मर्लिन यांनी धातूच्या लहान चाकांवर चालणारे स्केट्स बनवून हा खेळ घरातील लाकडी फरशीवर आणला. पात्याच्या जागी चाके असे त्यांचे स्वरूप असल्याने त्यांना आजच्या इनलाइन स्केट्सचे पूर्वज मानतात.

या स्केट्सशी निगडित असलेला अपघात प्रसिद्ध आहे. सोहो चौकातील कार्लाइल हाउस येथे व्हेनिसहून आलेल्या गायिका तेरेसा कॉर्नेलिस मुखवट्यांचे भव्य नृत्यसमारंभ भरवीत असत. अशाच एका समारंभात मर्लिन चाकांचे स्केट्स घालून आणि हातातील व्हायोलिन वाजवीत सभागृहात अवतरले. त्यांना वेग आला. परंतु तो कमी करण्याचे किंवा दिशा बदलण्याचे कोणतेही साधन त्या स्केट्समध्ये नव्हते. ५०० पौंडांहून अधिक किमतीच्या भव्य आरशावर ते आदळले. आरसा फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले आणि मर्लिन यांना गंभीर दुखापत झाली.

हा प्रसंग संगीतकार टॉमस बझ्बी यांनी १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या ग्रंथात येतो, म्हणजेच मर्लिन यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. प्रसंगाचा काळ सामान्यतः १७६० चे दशक मानला जातो. अशा समारंभांत नवनवीन वेष घेऊन जाण्याची मर्लिन यांना हौस होती. पुढील काळात चाकावर आरूढ झालेली भाग्यदेवता आणि रोमन पुराणांतील अग्निदेव व्हल्कन अशा रूपांतही ते दिसले.

== वाद्यनिर्मिती ==

१७७३ च्या सुमारास कॉक्स यांच्यापासून वेगळे होऊन मर्लिन यांनी स्वतंत्रपणे वाद्ये बनविण्यास आरंभ केला. १७७४ मध्ये त्यांनी हार्पसिकॉर्डमध्ये पियानोची हातोड्यांची यंत्रणा बसविण्याचे पेटंट मिळविले. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, तर पियानोमध्ये तिच्यावर आघात होतो. मर्लिन यांच्या संयुक्त वाद्यात वादकाला दोन्ही प्रकारचे नाद एकाच वेळी मिळू शकत. त्यांनी १७८० मध्ये बनविलेले असे एक वाद्य म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात आहे. वाजविलेले सूर कागदावर आपोआप उमटविण्याची यंत्रणाही त्याला जोडलेली आहे.

संगीताचे इतिहासकार चार्ल्स बर्नी यांच्यासाठी मर्लिन यांनी १७७७ मध्ये सहा सप्तकांचा पियानो तयार केला. दोघांनी एकत्र बसून वाजविण्यासाठी त्याची लांबी वाढविलेली होती. बर्नी यांच्या घरी मर्लिन यांचे नेहमी येणे-जाणे असे. चार्ल्स बर्नी यांच्या कन्या, कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या रोजनिशीत त्यांचे मिस्कील वर्णन आढळते. संगीतकार योहान क्रिस्टियान बाख आणि चित्रकार टॉमस गेन्सबरो हेही त्यांचे स्नेही होते. गेन्सबरो यांनी काढलेले मर्लिन यांचे व्यक्तिचित्र लंडनमधील केनवुड हाउस येथे आहे. त्यात मर्लिन यांच्या हाती सोन्याची नाणी तोलण्याचा, त्यांनीच तयार केलेला छोटा काटा दाखविला आहे.

== रुग्ण व अपंगांसाठी साधने ==

चाकांचा सर्वांत उपयुक्त वापर मर्लिन यांनी रुग्णांच्या खुर्चीत केला. गाऊट या सांध्यांच्या विकाराने पीडित व्यक्तींसाठी त्यांनी बनविलेल्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर मुठी होत्या. त्या फिरविल्या की खालची चाके फिरत आणि बसलेल्या माणसाला मदतनिसाविना पुढे, मागे किंवा बाजूला वळता येई. एकोणिसाव्या शतकात या प्रकारच्या खुर्चीला इंग्लंडमध्ये ‘मर्लिन खुर्ची’ असेच म्हटले जाई. स्केट्समध्ये जे राहून गेले होते, ते चालकाचे नियंत्रण या खुर्चीत पूर्णपणे साधलेले दिसते. अंध व्यक्तींना खेळता येतील असे पत्ते आणि रुग्णालयातील दूषित हवा बाहेर काढणारा पंप हीदेखील त्यांचीच निर्मिती होय.

== यांत्रिक संग्रहालय ==

१७८० च्या दशकात मर्लिन यांनी लंडनच्या हॅनोव्हर चौकाजवळील प्रिन्सेस स्ट्रीट येथे स्वतःचे यांत्रिक संग्रहालय सुरू केले. प्रवेशशुल्क देऊन येणाऱ्या प्रेक्षकांना तेथे घड्याळे, वाद्ये, रुग्णांच्या खुर्च्या आणि हालचाल करणाऱ्या आकृती पाहता येत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जादूच्या गुहेसारखे एक भव्य प्रदर्शन उभारण्याची योजना आखली होती. परंतु ती पूर्णत्वास गेली नाही.

या संग्रहालयात आलेल्या प्रेक्षकांमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचा एक लहान मुलगा होता. त्याची जिज्ञासा पाहून मर्लिन यांनी त्याला आईसह माळ्यावरील कार्यशाळेत नेले व तेथे ठेवलेल्या चांदीच्या दोन छोट्या स्त्रीप्रतिमा दाखविल्या. त्यांपैकी एक नर्तकी होती आणि तिच्या हातावर हालचाल करणारा पक्षी होता. पुढे हाच मुलगा गणनयंत्राचा जनक म्हणून प्रसिद्धीस आला. १८३४ मध्ये बॅबेज यांनी ती नर्तकी लिलावात ३५ पौंडांना विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडली.

मर्लिन यांचे १८०३ मध्ये लंडन येथे निधन झाले.

== स्केट्सच्या रचनेचा पुढील विकास ==

वळणे आणि थांबणे हे मर्लिन यांच्या स्केट्समधील दोन अनुत्तरित प्रश्न पुढील कारागिरांना सोडवावे लागले. एका सरळ रेषेतील सर्व चाके एकाच वेळी जमिनीला टेकलेली असली, तर वळताना पुढची व मागची चाके आडवी घासली जातात व वळण घेण्यास विरोध करतात. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये पेतिब्लेद यांनी पेटंट घेतलेल्या तीन चाकांच्या स्केट्समध्येही ही अडचण कायम राहिली. १८२३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्स यांनी ‘व्होलिटो’ या पाच चाकांच्या स्केट्समध्ये मधली चाके कडेच्या चाकांपेक्षा मोठी ठेवली. त्यामुळे शरीराचा भार थोडा पुढे-मागे करून वळणे शक्य झाले. १८६३ मध्ये अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यांनी चाकांच्या दोन जोड्या रबरी आधारावर बसविल्या. स्केटर ज्या बाजूला झुके, त्या बाजूला चाके वळत. या शोधामुळे चार चाकांचे जोडस्केट्स जगभर रूढ झाले आणि एका रांगेतील चाके मागे पडली.

१९८० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथील आइस हॉकी खेळाडू स्कॉट ओल्सन यांनी बंधू ब्रेनन यांच्यासह एका रांगेतील चाकांच्या जुन्या स्केट्समध्ये सुधारणा केली. बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव करता यावा हा त्यांचा हेतू होता. मर्लिन यांच्या मूळ कल्पनेशी तो मिळताजुळता आहे. पॉलियुरेथेनची चाके आणि बंद बेअरिंग यांमुळे हे स्केट्स यशस्वी झाले आणि त्यांवर इनलाइन हॉकी हा खेळ वाढला.

=== हॉकीच्या स्केट्सची चासी व चाके ===

हॉकीच्या इनलाइन स्केट्सची चासी, म्हणजे बुटाखालील चाके धरणारी चौकट, प्रामुख्याने ॲल्युमिनियमची असते व तीत चार चाके बसतात. तिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. पहिल्यात चारही चाके एकाच व्यासाची असतात. ‘हाय-लो’ या दुसऱ्या प्रकारात पुढची दोन चाके लहान, उदाहरणार्थ ७६ मिलिमीटरची, आणि मागची दोन ८० मिलिमीटरची असतात. त्यामुळे खेळाडू किंचित पुढे झुकलेला राहतो व चपळपणे दिशा बदलू शकतो. काही खेळाडू मधली दोन चाके थोडी खाली राहतील अशी रचना करतात. हे टायर्स यांचेच तत्त्व होय. त्याने वळणे सोपे होते, मात्र सरळ रेषेतील स्थैर्य काहीसे कमी होते.

चाकाचा कठीणपणा आकडा व ‘ए’ या अक्षराने दर्शवितात. बंदिस्त सभागृहातील गुळगुळीत पृष्ठभागावर साधारण ७४ए ते ७८ए ही मऊ चाके चांगली पकड देतात. उघड्यावरील सिमेंट किंवा डांबरावर ती लवकर झिजतात. तेथे ८२ए ते ८४ए ही कठीण चाके टिकतात. उष्णतेने पॉलियुरेथेन मऊ पडते. त्यामुळे अमरावती-अकोल्यासारख्या वऱ्हाडातील शहरांत उन्हाळ्यात उघड्या सिमेंटच्या मैदानावर हौसेने खेळणाऱ्यांना कठीण चाके आणि सकाळची किंवा संध्याकाळची वेळ अधिक सोयीची ठरते. चाकांची आतली कड आधी झिजते. यासाठी ती अधूनमधून काढून दुसऱ्या पायाच्या स्केटमध्ये उलटी बसवितात. हाय-लो रचनेत ही अदलाबदल समान व्यासाच्या चाकांमध्येच करता येते.

हॉकीच्या स्केट्सना बहुधा टाचेचा ब्रेक नसतो. एक पाय मागे आडवा ओढून किंवा दोन्ही पाय झटक्यात आडवे वळवून खेळाडू थांबतो. त्यामुळे चेंडू किंवा पक मारण्यापूर्वी नवशिक्याला थांबण्याचे व वळण्याचे तंत्र शिकवले जाते.

== स्मृती ==

१९८५ मध्ये केनवुड हाउस येथे मर्लिन यांच्या जीवनावर व कार्यावर विशेष प्रदर्शन भरविण्यात आले. स्केट्सच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः फुटलेल्या आरशामुळे लक्षात राहिले आहे. घड्याळे, वाद्ये आणि रुग्णांची खुर्ची यांत त्यांनी दाखविलेले अचूक नियंत्रण मात्र त्यांच्या कौशल्याचे खरे प्रमाण मानले जाते.