हौसेचे मोल : जुन्या मोटारींचा सारथी लेक्स डेव्हिसन

मेलबर्नच्या आग्नेय उपनगरांत, स्प्रिंगव्हेलजवळ, सँडाउनची शर्यतभूमी आहे. आतल्या बाजूला घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आणि त्याला वळसा घालून जाणारा मोटारींचा मार्ग, अशी तिची रचना. २० फेब्रुवारी १९६५ रोजी याच मार्गावर सराव करीत असताना एक ब्रॅबहॅम बनावटीची गाडी रस्ता सोडून गेली आणि तिच्या चालकाचा मृत्यू झाला. अवघ्या आठ दिवसांपूर्वी त्याने वयाची बेचाळीस वर्षे पूर्ण केली होती. तो चालक म्हणजे अलेक्झांडर निकोलस डेव्हिसन. ऑस्ट्रेलिया त्यांना लेक्स या नावाने ओळखत असे.

ऑस्ट्रेलियन ग्रां प्री ही शर्यत डेव्हिसन यांनी चार वेळा जिंकली : १९५४, १९५७, १९५८ आणि १९६१. त्यांच्या या विक्रमाशी बरोबरी करणारा चालक आजवर एकच झाला, तो म्हणजे मायकेल शूमाकर. मात्र या दोघांच्या विजयांमागचे जग सर्वस्वी वेगळे होते. शूमाकर यांच्या पाठीशी फेरारीचा संपूर्ण कारखाना उभा होता. डेव्हिसन यांच्या पाठीशीही एक कारखाना होता, पण तो बुटांचा. शर्यत हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय कधीच नव्हता. त्यांच्या कीर्तीचा पाया ज्या गाड्यांवर रचला गेला, त्यांतील बहुतेक आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेल्या आणि जाणकारांच्या लेखी काळाच्या मागे पडलेल्या होत्या. जुन्या मोटारीवर जीव लावणाऱ्या हौशी माणसाची मजल कुठवर जाऊ शकते आणि त्या हौसेची किंमत किती असू शकते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या चरित्रात मिळतात.

बुटांचा कारखाना आणि जुनी मर्सिडीज

लेक्स यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९२३ रोजी मेलबर्न येथे झाला. घरचा व्यवसाय पादत्राणे बनवण्याचा. वडिलांच्या पश्चात पॅरागॉन या बुटांच्या कंपनीची धुरा तरुण लेक्स यांच्या खांद्यावर आली. घरी सुबत्ता होती, आणि तिच्याविना पुढचे काहीच घडले नसते. मात्र केवळ पैशाने जुनी शर्यतीची गाडी धावती राहत नाही, हे त्यांना लवकरच उमगले असणार.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रेलियात नवी शर्यतीची गाडी मिळणे दुरापास्त होते. युरोपातील कारखाने युद्धाच्या पडझडीतून सावरत होते आणि समुद्रमार्गे माल येण्यास कित्येक आठवडे लागत. त्यामुळे इथल्या शर्यतींत युद्धापूर्वीच्या गाड्या, घरगुती जोडाजोड करून उभ्या केलेल्या ‘स्पेशल’ गाड्या आणि लहानशा एमजी एकाच रांगेत उभ्या राहत. इंजिनाच्या आकारावर मर्यादा नसे आणि अनेक शर्यतींत गाडीच्या ताकदीनुसार पुढे-मागे वेळ देऊन सर्वांना सोडले जाई. जुन्या गाडीला सन्मानाने धावता यावे, अशीच ही व्यवस्था होती.

१९४७ साली बाथर्स्ट येथील ग्रां प्रीमध्ये चोवीस वर्षांचे डेव्हिसन उतरले ते मर्सिडीज-बेंझ ३८/२५० घेऊन. फर्डिनंड पोर्शे यांच्या देखरेखीखाली विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घडलेला हा अवाढव्य नमुना. सुमारे सात लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, आणि चालकाने पायाखालची कळ पुरती दाबली की तेवढ्यापुरता जागा होणारा सुपरचार्जर. जवळजवळ दोन दशकांपूर्वीच्या घडणीची ही गाडी त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर आणली. विजयी ठरली ती तिच्यापुढे खेळणे वाटावी अशी छोटी एमजी टीसी.

जुन्या कलेची शाळा

त्यानंतर त्यांच्याकडे आली अल्फा रोमिओ पी-३. इटालियन अभियंते व्हित्तोरिओ यानो यांनी १९३२ साली सिद्ध केलेली ही गाडी आपल्या काळातील ग्रां प्रीची राणी होती. १९३५ साली जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर ताझिओ नुवोलारी यांनी बलाढ्य जर्मन संघांना त्यांच्याच अंगणात हरवले ते याच जातीच्या गाडीतून. पण डेव्हिसन यांच्या हाती ती आली तेव्हा तो इतिहास झाला होता.

पी-३ सांभाळणे म्हणजे काय, हे तिच्या रचनेवरून ध्यानात येते. आठ सिलिंडरचे इंजिन चार-चारच्या दोन भागांत विभागलेले आणि त्या दोहोंच्या मधोमध दंतचक्रांची माळ. हवा दाबून पुरवणारे सुपरचार्जर दोन. डिफरन्शियल मागच्या आसावर न ठेवता गिअरबॉक्सला लागून बसवलेले आणि तिथून मागच्या चाकांकडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकत जाणारे दोन स्वतंत्र दांडे. अशा यंत्रात एखादे दंतचक्र झिजले, तर ते दुकानात मिळत नाही. मिलानला पत्र लिहून वाट पाहायची किंवा गावातल्या कुशल कारागिराकडून ते नव्याने घडवून घ्यायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. मालकाला पैशाबरोबर चिकाटीही मोजावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हाताशी माणसे असावी लागतात.

ती माणसे डेव्हिसन यांनी जोडली. मेलबर्नच्या आर्माडेल भागातील हॉलिन्स यांच्या गॅरेजमधील ॲलन ॲश्टन यांनी त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे शर्यतीसाठी सज्ज केल्या. व्हिन्सेंट मोटारसायकलींच्या इंजिनांचे विख्यात रचनाकार फिल अर्व्हिंग हेही त्यांच्या वर्तुळात होते. कूपरच्या चिमुकल्या सांगाड्यात व्हिन्सेंटचे इंजिन बसवलेल्या गाडीतून डेव्हिसन यांनी १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे डोंगरचढणीच्या शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे याच अर्व्हिंग यांनी घडवलेल्या रेप्को इंजिनाच्या बळावर जॅक ब्रॅबहॅम १९६६ साली जगज्जेते झाले. हौशी मंडळींच्या गॅरेजांत मुरलेले ज्ञान असे जगाच्या व्यासपीठावर पोहोचले.

१९५३ साली माँटे कार्लो रॅलीसाठी डेव्हिसन युरोपला गेले तेही साध्या ऑस्ट्रेलियन होल्डन गाडीतून. सोबतीला होते टोनी गेझ आणि स्टॅन जोन्स. गेझ हे युद्धातील नावाजलेले लढाऊ वैमानिक आणि जागतिक ग्रां प्रीमध्ये उतरलेले पहिले ऑस्ट्रेलियन. जोन्स यांचे चिरंजीव ॲलन पुढे १९८० साली जगज्जेते झाले. या त्रयीने होल्डन चौसष्टाव्या क्रमांकावर आणली.

मित्राच्या गाड्या, आपले विजय

गेझ यांची मैत्री डेव्हिसन यांच्या आयुष्यात अनेक अर्थांनी निर्णायक ठरली. त्यांच्याकडूनच डेव्हिसन यांनी इंग्रजी बनावटीची एचडब्ल्यूएम ही एकआसनी गाडी घेतली. तिचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी जॅग्वारचे इंजिन बसवण्यात आले. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात वजन, इंजिनाच्या बैठकी, थंडाव्याची व्यवस्था, गिअरबॉक्सशी जुळणी असे सारेच नव्याने मांडावे लागते. १९५४ साली क्वीन्सलंडमधील साउथपोर्टच्या रस्त्यांवर या जोडगाडीची कसोटी लागली. आघाडीवरच्या जोन्स यांची मेबॅक स्पेशल वेगात असताना मोडून पडली, जोन्स थोडक्यात बचावले आणि डेव्हिसन यांनी पहिली ग्रां प्री जिंकली.

पुढची गाडीही गेझ यांच्याकडूनच आली आणि तीच डेव्हिसन यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ती होती फेरारी ५००. ऑरेलिओ लांप्रेदी यांनी रचलेल्या या गाडीचे नाव तिच्या एकेका सिलिंडरच्या आकारमानावरून पडले होते. १९५२ आणि १९५३ या दोन्ही वर्षी आल्बेर्तो आस्कारी ज्या गाड्यांच्या जोरावर जगज्जेते झाले, त्यांतलीच ही एक. मूळ दोन लिटरच्या इंजिनाऐवजी तिच्यात आता तीन लिटरचे इंजिन होते. युरोपच्या हिशेबी निवृत्त झालेली ही गाडी १९५६ साली डेव्हिसन यांच्याकडे आली आणि इथे तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

१९५७ ची ग्रां प्री पर्थजवळच्या कॅव्हरशॅम येथे मार्च महिन्यात, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात झाली. उष्णतेमुळे एकट्याने शर्यत पुरी करणे अशक्य होते, म्हणून डेव्हिसन यांनी मधल्या काही फेऱ्यांसाठी गाडी बिल पॅटरसन यांच्या हाती दिली. शर्यत संपल्यावर विजेते म्हणून जोन्स यांचे नाव पुकारले गेले. फेऱ्यांची नोंद पुन्हा तपासल्यावर मात्र विजय डेव्हिसन आणि पॅटरसन यांचा ठरला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘गोल्ड स्टार’ या राष्ट्रीय चालक स्पर्धेचे पहिले विजेतेपदही डेव्हिसन यांनाच मिळाले.

पुढच्या वर्षी बाथर्स्टच्या माउंट पॅनोरामावर त्यांनी हीच फेरारी पुन्हा जिंकून आणली. जोन्स यांची मासेराती आणि टेड ग्रे यांची टॉर्नाडो या वेगवान गाड्या एकामागून एक बाद झाल्या. जुनी फेरारी धावत राहिली. या विजयाला दैवाची साथ म्हणणारे असतीलही. पण डोंगरावरच्या दीर्घ शर्यतीत अखेरपर्यंत शाबूत राहणे हे दैवापेक्षा आदल्या रात्रींच्या कामाचे फळ असते. घट्ट केलेला प्रत्येक नट आणि वेळीच बदललेली प्रत्येक झडप त्या दिवशी मोजली जाते.

वारा फिरला

दरम्यान इंग्लंडमधील कूपर कंपनीने इंजिन चालकाच्या मागे नेऊन ठेवले होते. या गाड्या लहान, हलक्या आणि वळणांवर चपळ होत्या. पुढे इंजिन असलेल्या डौलदार गाड्यांचे युग पाहता पाहता मावळू लागले. डेव्हिसन यांनी तरीही ॲस्टन मार्टिनची ग्रां प्री गाडी आणवली. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांच्या घराण्यातील ती शेवटच्या काहींपैकी एक. १९६० साली लोवुडच्या धावपट्टीवर ॲलेक मिल्ड्रेन यांच्या कूपरशी तिची अटीतटीची झुंज झाली आणि निकालाच्या रेषेवर डेव्हिसन सेकंदाच्या अल्पशा अंशाने मागे राहिले.

दैवाचा खेळ असा की, चौथी ग्रां प्री त्यांना स्वतःच्या गाडीने मिळवून दिलीच नाही. १९६१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील मलाला येथे ते पॅटरसन यांच्याकडून उसनी घेतलेली कूपर घेऊन उतरले. डेव्हिड मॅके यांना वेळेआधी गाडी सोडल्याबद्दल एका मिनिटाचा दंड झाला आणि विजय डेव्हिसन यांच्याकडे आला. वीस वर्षांच्या मर्सिडीजपासून सुरू झालेला प्रवास मागे इंजिन असलेल्या गाडीपाशी येऊन ठेपला. यापुढे जिंकायचे तर याच वाटेने जावे लागणार होते.

त्यांनी तीही वाट धरली. ‘एक्युरी ऑस्ट्रेली’ या आपल्या संघाच्या नावाखाली ते कूपर आणि ब्रॅबहॅम गाड्या चालवू लागले. आता गाठ होती जिम क्लार्क, ग्रॅहम हिल, ब्रूस मॅक्लारेन यांच्यासारख्या व्यावसायिकांशी. घरी पत्नी डायना, सात मुले आणि बुटांचा कारखाना होता. डायना स्वतः शर्यतीत गाडी चालवलेल्या. या खेळातला धोका त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नऊ दिवस

सँडाउनच्या अपघाताआधी डेव्हिसन यांना हृदयविकाराचा झटका आला असावा, असे मानले जाते. दोष यंत्राचा नसावा, ही गोष्ट त्यांच्या गाड्यांवर राबलेल्या माणसांना कितपत दिलासा देऊ शकली असेल, हे सांगणे कठीण आहे.

दुःख तिथेच थांबले नाही. संघाने टास्मानियातील लाँगफर्डच्या शर्यतीत भाग घेण्याचे ठरवले. डेव्हिसन यांच्या हाताखाली तयार झालेला तरुण चालक रॉकी ट्रेसाइझ संघाची कूपर घेऊन उतरला. १ मार्च १९६५ रोजी त्या शर्यतीत त्याचाही मृत्यू झाला. नऊ दिवसांत एका घराच्या अंगणातून दोन माणसे गेली. हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. त्या घराने ते मोल मोजले होते.

तरीही त्या घराने मोटारींकडे पाठ फिरवली नाही. डेव्हिसन यांची मुले शर्यतीत उतरली, नातवंडेही उतरली. नातू विल डेव्हिसन याने बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत २००९ आणि २०१६ साली जिंकली, त्याच डोंगरावर जिथे १९५८ साली आजोबांची फेरारी अखेरपर्यंत तग धरून राहिली होती. ती फेरारी पुढे इंग्लंडला गेली आणि टॉम व्हीटक्रॉफ्ट यांच्या डॉनिंग्टन येथील प्रसिद्ध संग्रहात दाखल झाली. आस्कारींची गाडी म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, जगज्जेत्याने सोडलेल्या या गाडीला मेलबर्नच्या एका बूट कारखानदाराने आणखी दोन ग्रां प्री जिंकून दिल्या होत्या?

पतीच्या निधनानंतर बारा वर्षांनी, १९७७ साली, डायना यांनी पुन्हा विवाह केला. वर होते टोनी गेझ, ज्यांच्याकडून एचडब्ल्यूएम आली होती आणि ज्यांच्याकडून फेरारीही आली होती.