चमच्याच्या पाठीवरचे नाव

मंडळाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह. मी पडले सातवी शिकलेली, त्यामुळे पाककृतीच देणार होते. पण एका बाईची हकीकत मनात घोळत होती, तीच सांगते.

आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत चांदीचा एक विलायती चमचा होता. अडचणीच्या वेळी मी तो एका सराफाकडे नेला. त्याने तो तागडीत टाकला आणि मोडीचा भाव सांगितला. चमच्याच्या पाठीवर बारीक ठसे होते, त्यांकडे त्याने पाहिलेही नाही. मी चमचा तसाच घरी आणला. मुलीने भिंग लावून ठसे पाहिले, पुस्तके आणली, आणि त्यांतून मला हेस्टर बेटमन भेटली. आमचा चमचा तिचा नव्हे, हे आधीच सांगते. पण तिची ओळख झाली ती त्याच्यामुळे.

हेस्टरचा जन्म लंडनमधला, 1708 सालचा. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. लिहिता-वाचता येत नव्हते. तिचे यजमान जॉन बेटमन साखळ्या घडवीत. घरातच कामाची जागा, पदरी मुलेबाळे. 1760 साली यजमान क्षयाने गेले आणि जाताना आपली हत्यारे बायकोच्या नावे करून गेले. हत्यारे विकून चार दिवस निभावले असते. हेस्टरने ती हाती घेतली. तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती.

त्या देशात चांदीच्या वस्तूंचा कस सोनारांच्या सभागृहात तपासून त्यावर ठसे मारण्याची पद्धत होती. कारागिरालाही आपली खूण तेथे नोंदवावी लागे. 1761 साली हेस्टरने आपली खूण नोंदविली. तिच्या नावाची आद्याक्षरे, एच् आणि बी, वळणदार घाटाची. जिला अक्षर येत नव्हते, तिची ही दोन अक्षरे आज जगभर ओळखली जातात!

पहिली कित्येक वर्षे ती बहुतेक दुसऱ्या सोनारांसाठी माल घडवीत होती. त्यामुळे त्या काळच्या वस्तूंवर तिची खूण क्वचितच सापडते. काम हिचे आणि नाव दुसऱ्याचे! हे आपल्याला नवे नाही. पुढे 1774 च्या सुमारापासून मात्र तिचाच ठसा दिसू लागला. चमचे, साखरेचे चिमटे, चहाच्या किटल्या, मिठाच्या वाट्या असा रोजच्या टेबलावरचा माल ती करी. चांदीचे पातळ पत्रे वापरून किंमत आटोक्यात ठेवी, म्हणून मध्यम घरांनाही तो माल परवडे. घाट साधा, कडेला मण्यांची नाजूक किनार, क्वचित चमचमणारे बारीक कोरीवकाम. तिच्या चमच्यांचा दांडा पुष्कळदा टोकाशी गोल आणि किंचित खाली वळलेला असतो. या घाटाला तिकडे ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात.

भगिनींनो, असा चमचा कधी हाती आला तर पाठ पाहा. चालता सिंह म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी. मुकुट घातलेले बिबळ्याचे तोंड म्हणजे लंडनची तपासणी. एक सुटे अक्षर असते, ते दरवर्षी बदले, त्यावरून साल कळते. 1784 च्या अखेरीपासून राजाचे मस्तकही आले, म्हणजे कर भरल्याची खूण. आणि शेवटी कारागिराची अक्षरे. 1781 च्या सुमारापर्यंत हे ठसे दांड्यावर खाली, वाटीच्या जवळ मारीत. पुढे ते वर, टोकाकडे मारू लागले. नुसती एच् बी पाहून हुरळू नये. सगळे ठसे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

हेस्टर 1790 साली कामातून निवृत्त झाली. वय ऐंशीच्या पुढे. पीटर आणि जोनाथन या मुलांनी धंदा हाती घेतला, पण वर्षभरातच जोनाथन वारला. तेव्हा त्याची विधवा अ‍ॅन हिने 1791 साली दिराबरोबर आपलीही खूण नोंदविली. सासूने घालून दिलेली वाट सुनेला सापडली. 1794 साली हेस्टर गेली. पुढे नातू विल्यमही याच धंद्यात आला.

आपल्याकडे भांड्यांवर नावे घालण्याची रीत आहे. माझ्या लग्नातल्या पातेल्यांवर वडिलांचे नाव आहे, बारशाच्या वाटीवर मुलाचे. घरातली भांडी उतरवून पाहिली, माझे नाव एकावरही नव्हते. याचे मला कधी काही वाटले नव्हते. हेस्टरची हकीकत वाचल्यावर मात्र वाटले.

मंडळात मसाले, पापड, शिवणकाम आपण सगळ्याजणी करतो. पिशवीवर मंडळाचे नाव असते, ते असावेच. पण त्याखाली करणारणीची दोन अक्षरेही असावीत, अशी माझी सूचना आहे. सभेत बोलायला धीर होईना, म्हणून येथे लिहिली.

सासूबाईंचा चमचा मी विकला नाही. अडचण दुसऱ्या वाटेने निभावली. आता सणाला त्यानेच श्रीखंड वाढते.