मॅथ्यू फाँटेन मॉरी

मॅथ्यू फाँटेन मॉरी (१४ जानेवारी, इ.स. १८०६ – १ फेब्रुवारी, इ.स. १८७३) हे अमेरिकन नौदल अधिकारी व समुद्रशास्त्रज्ञ होते. वारे व सागरी प्रवाह यांचे नकाशे तयार करणे आणि टक्कर टाळण्यासाठी अटलांटिक महासागरातील आगबोटींना जाण्या-येण्याच्या स्वतंत्र मार्गिका सुचवणे, ही त्यांची प्रमुख कामगिरी होय.

जीवन

मॉरी यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यात झाला. इ.स. १८२५ मध्ये ते नौदलात दाखल झाले. इ.स. १८३९ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पायाला गंभीर दुखापत झाल्याने त्यांची समुद्रावरील नोकरी संपली. इ.स. १८४२ मध्ये नौदलाच्या वॉशिंग्टन येथील नकाशे व उपकरणे विभागाचे ते प्रमुख झाले. तेथे पडून असलेल्या जहाजांच्या जुन्या नोंदवह्या अभ्यासून त्यांनी इ.स. १८४७ पासून वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे प्रसिद्ध केले. इ.स. १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेत समुद्रावरील हवामानाच्या नोंदी सर्व देशांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात, असे ठरले. यामागे त्यांचाच पुढाकार होता.

आगबोटींच्या मार्गिका

२७ सप्टेंबर, इ.स. १८५४ रोजी न्यूफाउंडलँडजवळ दाट धुक्यात 'आर्क्टिक' ही प्रवासी आगबोट 'वेस्टा' या फ्रेंच आगबोटीवर आदळून बुडाली. तीनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. आर्क्टिकवरील एकही स्त्री वा मूल वाचले नाही. पुढच्याच वर्षी मॉरी यांनी पश्चिमेकडे जाणाऱ्या आगबोटींसाठी उत्तरेची, तर पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी दक्षिणेची मार्गिका आखून दिली. त्यामुळे प्रत्येक जहाजाने आपल्या उजव्या बाजूने जावे, अशी व्यवस्था झाली. समोरासमोर येण्याचा प्रसंगच टाळणे, हे तिचे मूळ तत्त्व होते. मात्र या मार्गिका व्यापारी जहाजांवर बंधनकारक नव्हत्या. प्रमुख आगबोट कंपन्यांनी ठराविक मार्ग पाळण्याचा करार इ.स. १८९८ मध्ये, म्हणजे मॉरी यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी केला.

उत्तरायुष्य

इ.स. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच मॉरी यांनी अमेरिकन नौदल सोडले व गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची बाजू घेतली. ज्यांनी जहाजांना सुरक्षित वाट आखून दिली, त्यांनीच या काळात जहाजे उडवणारे विजेवर चालणारे पाणसुरुंग विकसित केले. पराभवानंतर मेक्सिको व इंग्लंड येथे राहून ते इ.स. १८६८ मध्ये व्हर्जिनियात प्राध्यापक झाले. लेक्सिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. रिचमंड शहरातील त्यांचा पुतळा इ.स. २०२० मध्ये हटवण्यात आला.

वारसा

इ.स. १९६७ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांमधील डोव्हर सामुद्रधुनीत जाणाऱ्या व येणाऱ्या जहाजांच्या मार्गिका वेगळ्या करण्यात आल्या. दोन्ही मार्गिकांमध्ये रस्त्यातील दुभाजकाप्रमाणे मोकळा पट्टा ठेवला जातो. सागरी टक्कर प्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांतील (इ.स. १९७२) दहावा नियम अशा मार्गिकांतील वाहतुकीविषयी आहे. हे नियम इ.स. १९७७ मध्ये अमलात आले. भारतानेही ते स्वीकारले आहेत.