हेलन केलर बाई व त्यांचे कार्य

हेलन केलर बाईंचे नाव आपल्या गावोगावच्या शाळांतील मुलांसही ठाऊक आहे. पंपाच्या धारेखाली हात धरून पाणी हा शब्द शिकलेली आंधळी व बहिरी मुलगी, एवढी गोष्ट त्यांस सांगण्यात येते, आणि बहुधा ती तेथेच संपते. परंतु त्या दिवशी हेलन पुरती सात वर्षांचीही नव्हती, आणि बाईंचा अंत झाला तो ८७ व्या वर्षी. मधल्या ऐंशी वर्षांत त्यांनी काय केले, हेच मुख्यतः येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा प्रांतातील टस्कंबिया ह्या गावी २७ जून १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील एका वर्तमानपत्राचे संपादक होते. त्यापूर्वी ते गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात लढले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचे प्रयोजन पुढे येईल. मूल एकोणीस महिन्यांचे असता कठीण ताप आला. ताप उतरला, पण दृष्टि व श्रवण ही दोन्ही गेली. भाकर हवी झाली म्हणजे ती कापून लोणी लावल्याची खूण करावी, अशा स्वतःच रचिलेल्या खुणांवर ती मुलगी वाढली. आपणांस कोणी समजत नाही असे वाटले म्हणजे ती लाथा मारी व आक्रोश करी. एकदा तिने आईला कोठीघरात कोंडले व बाहेर बसून हसत राहिली. अशा मुलास वेड्यांत काढणारे नातलग तेथेही होतेच.

३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन नावाची वीस वर्षांची शिक्षिका त्या घरी आली. ह्या बाईंविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. त्या अत्यंत दरिद्री आयरिश कुटुंबातल्या. लहानपणी खुपऱ्यांच्या रोगाने डोळे बिघडले, आई वारली, बाप निघून गेला, आणि वयाची दहा वर्षे भरण्यापूर्वीच त्यांची व धाकट्या भावाची रवानगी सरकारी भिक्षागृहात झाली. भाऊ तेथेच थोड्या महिन्यांत मरण पावला. पुढे पाहणी करावयास मोठे अधिकारी आले असता ही अर्धवट आंधळी मुलगी त्यांच्या मागे धावली व मला शाळेत जावयाचे आहे असे ओरडली. त्यामुळे १८८० साली तिला बॉस्टन येथील पर्किन्स अंधशाळेत जागा मिळाली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, व तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. सहा वर्षांनी ती आपल्या वर्गात पहिली आली. केलर कुटुंबाने आपल्या मुलीसाठी जी शिक्षिका आणिली, ती अशी भिक्षागृहातून आलेली होती.

पंपाजवळचा प्रसंग ५ एप्रिल १८८७ रोजी घडला. तो सर्वांस माहीत असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही. त्यानंतर शिक्षिकाबाई तळहातावर बोटांनी एकेक अक्षर काढून बोलत व हेलन त्याच रीतीने उत्तर देई. पुढे कॉलेजातील व्याख्यानेही सलिव्हन बाईंनी शेजारी बसून अशीच हातात उतरविली. मात्र एक अडचण सांगण्याजोगी आहे. उठावाच्या ठिपक्यांची लिपि तेव्हा एक नव्हती, इंग्रजी ब्रेल निराळी, अमेरिकन ब्रेल निराळी, न्यूयॉर्कची आणखी निराळी. १८९९ साली कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत बीजगणिताचा कागद हेलनच्या हाती आला, तो तिला सवय नसलेल्या चिन्हांत. गणित येत असता केवळ चिन्हांपायी तिला घोर संकट पडले. डोळसांनी अंधांसाठी केलेली ही गैरव्यवस्था त्या विसरल्या नाहीत. सर्व इंग्रजी भाषिकांसाठी एकच ब्रेल १९३२ साली ठरली, आणि तीसाठी ज्यांनी सतत आग्रह धरिला त्यांत त्याही होत्या. आपल्या देशातही भाषांच्या अनेक ब्रेल लिप्या होत्या, त्यांची भारती ब्रेल ही एक पद्धति १९५१ साली झाली.

१९०४ साली बाई रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. आदल्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊन कीर्तिही झाली होती. आता एवढी विद्या कशासाठी, हा प्रश्न उभा राहिला. लोक त्यांजकडे चमत्कार म्हणून पाहात, आणि चमत्कार होऊन बसणे ही काही जीविताची सार्थकता नव्हे.

उत्तर त्यांस एका कळलेल्या गोष्टीतून मिळाले. अनेक मुले जन्मतः आंधळी नसतात, ती जन्मल्यावर आंधळी होतात. आईच्या जननमार्गात विशिष्ट रोग असला, तर तो प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांस लागतो, काही दिवसांतच पापण्या सुजतात, पू येतो व दृष्टि जाते. जर्मनीतील क्रेडे ह्या डॉक्टरांनी जन्मताच प्रत्येक डोळ्यात रौप्यक्षाराच्या द्रावणाचा थेंब घालण्याची युक्ति १८८० च्या सुमारास काढिली होती. आज त्या जागी दुसरी औषधे वापरितात. उपाय स्वस्त होता, परंतु रोग लज्जेचा असल्यामुळे त्याचे नाव कोणी काढीना. १९०७ साली केलर बाईंनी स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकात त्यावर उघड लेख लिहिला. अविवाहित स्त्रीने असे विषय काढावे ह्याचे पुष्कळांस नवल वाटले. आमच्या अनुभवात तर अद्यापही असे डोळे आलेले बाळ दवाखान्यात नेण्याऐवजी कोणाच्या पापाची चर्चा आधी होते, आणि ती करणाऱ्यांत मंडळीतील वडील माणसेही असतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूला केलेला प्रश्न आपण वाचतो खरा.

ह्याच वाटेने बाई आणखी पुढे गेल्या. आंधळेपणा श्रीमंतापेक्षा गरिबाच्या घरी अधिक का येतो, ह्याचा शोध घेता त्यांस गिरण्यांतील अपघात, कोंदट वस्त्या व अपुरे वेतन ही दिसू लागली. १९०९ साली त्या समाजवादी पक्षात सामील झाल्या. तेव्हा ज्या संपादकाने त्यांची पूर्वी तोंड भरून स्तुति केली होती, त्यानेच आता लिहिले की त्यांच्या चुका त्यांच्या पंगुत्वातून उपजल्या आहेत. बाईंनी त्यास सडेतोड उत्तर दिले. १९१६ साली निग्रो लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेस त्यांनी शंभर डॉलर व एक पत्र पाठविले. ते पत्र छापून येताच दक्षिणेतील त्यांचे आप्त फार संतापले. वर वडिलांची हकीकत दिली ती ह्यासाठी. १९१९ साली त्यांच्याच जीवनावरील चित्रपट प्रथम दाखविला गेला, तेव्हा नटांचा संप चालू होता, म्हणून त्या तो पाहण्यास गेल्या नाहीत.

त्यांजकडून एक मोठी चूक झाली, ती झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९१५ साली शिकागोच्या एका डॉक्टराने व्यंग असलेल्या नवजात बालकावर शस्त्रक्रिया न करिता त्यास मरू दिले, आणि केलर बाईंनी त्याचे समर्थन लिहिले. जिला स्वतःला एके काळी निरुपयोगी गणिले होते, तिने असे लिहावे ह्याचा आम्हांस उलगडा होत नाही. तो काळ अशा मतांचा होता, हे कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही.

पुढल्याच वर्षी, वय ३६ असता, त्यांनी एका तरुण चिटणिसाशी विवाह करण्याचे ठरविले. घरच्यांनी तो मोडून काढिला. जगभर व्याख्याने देणाऱ्या बाईस आपला संसार करण्याचा अधिकार नाही, असे कुटुंबाने गृहीत धरिले. आपल्याकडील अंध मुलींच्या आईबापांस हे अपरिचित वाटणार नाही.

पैशाची चणचण असल्यामुळे १९२० पासून काही वर्षे त्या नाटकगृहांत कसरतवाले व विदूषक ह्यांच्याबरोबर रंगभूमीवर उभ्या राहिल्या. १९२४ साली अंधांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकन संस्थेचे काम त्यांनी पत्करिले व मरेपर्यंत सोडिले नाही. प्रौढ अंधांस सरकारी खर्चाने पुस्तके मिळावी म्हणून १९३० साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये कायदेमंडळाच्या समितीपुढे निवेदन केले, व पुढल्या वर्षी तसा कायदा झाला. सलिव्हन बाई १९३६ साली वारल्या. त्या अखेरीस स्वतः पूर्ण अंध झाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात केलर बाई लष्करी इस्पितळांतून हिंडल्या व डोळे गमावलेल्या शिपायांजवळ बसल्या. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आशिया खंडाचा चाळीस हजार मैलांचा प्रवास केला. त्यात भारतातही आल्या व पंडित नेहरूंस भेटल्या.

१ जून १९६८ रोजी कनेटिकट प्रांतातील आपल्या घरी त्या निवर्तल्या. त्यांच्या अस्थि वॉशिंग्टन येथील मोठ्या देवालयात ठेविल्या आहेत, भिक्षागृहातून आलेल्या त्या शिक्षिकेच्या अस्थींशेजारी. तेथील धातूच्या पाटीवर दोघींची नावे ब्रेलमध्येही उठविलेली आहेत.